अण्णांचं वाळवंटातलं चक्रीवादळ

23 जानेवारी 2022. रविवार होता. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत आलो तर समोरची टेकडी गायब! आधी वाटलं धुकं असेल. पण धुक्याला असा रंग नसतो. तुळशीच्या पानांवर पांढुरकी पूड बसलेली, कठड्यावर बोट फिरवलं तर बोट पांढरं. खाली सोसायटीत सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या झालेल्या. आमचा वॉचमन म्हणाला, "साहेब, कुठेतरी सिमेंटची गाडी फुटली वाटतं."

सिमेंटची गाडी फुटली नव्हती. आदल्या दिवशी कराचीकडे उठलेलं धुळीचं वादळ अरबी समुद्र ओलांडून गुजरात, मुंबई, पुण्यापर्यंत येऊन पोचलं होतं. कुठल्यातरी वाळवंटातली माती आमच्या तुळशीवर!

बायकोने फडकं हातात दिलं आणि मी गॅलरी पुसायला लागलो. पुसता पुसता मला एकदम अण्णांची आठवण झाली. अण्णा म्हणजे माझ्या आईचे वडील. आणि आठवण झाली ती चांगली नाही, बोचणारी. त्या बोचणीपायी मी पुढचे कितीतरी महिने धूळ, वारा आणि वाळवंट यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. आज ते सगळं लिहून काढतोय. थोडा इतिहास आहे, थोडं विज्ञान आहे आणि एक कबुली आहे. कबुली आधी देतो, म्हणजे बाकीचं मोकळेपणाने लिहिता येईल.

अण्णा सातारा जिल्ह्यातले. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. तेव्हा तिचं नाव फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री, त्यातली दुसरी पलटण. ही पलटण आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर लिबियातल्या टोब्रुकला होती. 20 जून 1942 ला सकाळी रोमेलने टोब्रुकवर शेवटचा हल्ला चढवला, तो आग्नेय कोपऱ्यावर. तिथे अकरावी हिंदी ब्रिगेड होती आणि घाव पडला तो नेमका आपल्या मराठा पलटणीच्या मोर्च्यावर. आधी विमानांतून बॉम्ब, मग रणगाडे. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं आणि तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. त्यांत आमचे अण्णा. तिथून बोटीने इटलीला, बंदिवानांच्या छावणीत. युद्ध संपल्यावर घरी आले तेव्हा आजीने त्यांना ओळखलं नाही म्हणे.

पण आम्हा नातवंडांना अण्णा लढाईचं फारसं सांगायचे नाहीत. सांगायचे ते धुळीचं. मे महिन्यात आम्ही सगळी आजोळी जमायचो, रात्री अंगणात वाकळा टाकायचो आणि मग, "अण्णा, धुळीची गोष्ट!"

"आधी दक्षिणंकडनं वारं सुटायचं," अण्णा सांगायचे. "वारं कसलं, भट्टीचं तोंड उघडल्यावानी. घशाला कोरड. गाडीच्या पत्र्याला हात लावला की झटका बसायचा. आभाळ पिवळं व्हायचं, मग तांबडं. भर दुपारी हाताची बोटं दिसायची न्हाईत. मग वारं फिरायचं. मावळतीकडनं यायचं. आन् मग एकदम गार! मावळत आन् उत्तर यांच्या मधनं. घटकाभरापूर्वी अंगावर कापड नको वाटायचं, आन् आता ब्लँकेट हुडकायची पाळी. ते वारं गोल फिरतं लेकरांनो. चक्रीवादळच म्हनायचं त्याला."

1979 चा मे महिना. मी नुकताच नववी पास झालेलो, भूगोलात वर्गात पहिला. घरी मामाच्या ओळखीचे पाहुणे आलेले. अण्णांनी कोणाच्या तरी आग्रहावरून गोष्ट सुरू केली आणि "चक्रीवादळ" शब्दापाशी आले. मी मध्येच म्हणालो, "अण्णा, चक्रीवादळ समुद्रावर होतं. त्याला पाण्याची वाफ लागते. वाळवंटात चक्रीवादळ होऊच शकत नाही. आमच्या पुस्तकात आहे."

पाहुणे हसले. "नातू हुशार आहे हो!" एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. अण्णा माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. म्हणाले, "आसंल बाबा. पुस्तकात आसंल तसं." आणि उठून गोठ्याकडे गेले.

त्यानंतर अण्णांनी धुळीची गोष्ट कधीच सांगितली नाही. मागितली तरी, "आता इसरलो रे," म्हणायचे. 1988 साली अण्णा गेले.

तर ही कबुली. आता तो पिवळा वारा नेमका काय होता ते बघू.

आधी "चक्रीवादळ" या शब्दाचंच बघू, कारण माझी चूक तिथूनच सुरू होते. इंग्रजीतला "सायक्लोन" हा शब्द जन्मला आपल्याकडे, कोलकात्यात. हेन्री पिडिंग्टन नावाचा एक इंग्रज तिथे जहाजांच्या अपघातांची चौकशी करायचा. बंगालच्या उपसागरातली वादळं गोल फिरतात हे त्याने जहाजांच्या नोंदींवरून ताडलं आणि वेटोळं घातलेल्या सापासारखं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पाडलं. खलाशांसाठीचं त्याचं पुस्तक 1848 सालचं. म्हणजे शब्दातच समुद्र आहे. आपल्याही डोक्यात चक्रीवादळ म्हणजे फयान, निसर्ग, तौक्ते. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

पण वारा कमी दाबाच्या केंद्राभोवती गोल फिरला की हवामानशास्त्राच्या दृष्टीने ते चक्रीवादळच. मग खाली समुद्र असो नाहीतर वाळू. फरक आहे तो खाण्याचा. समुद्रावरचं चक्रीवादळ वाफेवर जगतं. कोमट समुद्राची वाफ वर जाते, तिचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेवर वादळ पोसतं. वाळवंटातलं चक्रीवादळ जगतं ते शेजारी शेजारी असलेल्या गरम आणि थंड हवेतल्या फरकावर. माझं नववीचं पुस्तक पहिल्या जातीबद्दल अगदी बरोबर बोलत होतं. दुसरी जात त्यात नव्हती, एवढंच. आणि जे पुस्तकात नाही ते जगात नाही असं मी ठरवून टाकलं होतं.

आता अण्णांचं वादळ. आफ्रिकेचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर भूमध्य समुद्र, खाली सहारा. डावीकडे मोरोक्कोपासून ट्युनिशियापर्यंत अ‍ॅटलास पर्वताची रांग, साधारण अडीच हजार किलोमीटर लांब. तिचं सगळ्यात उंच शिखर तुबकाल, 4167 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या अडीचपट.

मार्च-एप्रिलमध्ये तिथे एक विचित्र परिस्थिती होते. सूर्य उत्तरेकडे सरकतो आणि सहारा तापायला लागतो. पण समुद्राने हिवाळ्याची थंडी अजून सोडलेली नसते. पाणी हळू तापतं, हळू निवतं. वाळूचं तसं नाही. त्यामुळे किनाऱ्याच्या एका बाजूला भट्टी आणि दुसऱ्या बाजूला माठ.

त्यात युरोपकडून थंड हवेची एखादी लाट उंचावरून खाली दक्षिणेकडे झुकते. ती अ‍ॅटलास ओलांडून पलीकडच्या उतारावर येते तेव्हा हवेचा थर डोंगरावर दबलेला असतो तो पुन्हा उभा ताणला जातो. ताणला गेला की आडवा आक्रसतो, आणि आक्रसला की जास्त वेगाने गरगरतो. फुगडी घालताना दोघी एकमेकींच्या जवळ आल्या की गरका वाढतो ना, तसंच. वरून ओढ, खालून तापलेली जमीन आणि मध्ये हा गरका. डोंगराच्या दक्षिणेच्या कुशीत कमी दाबाचं एक छोटं केंद्र तयार होतं. वादळाचं बाळ म्हणा.

हे बाळ पाळण्यात थांबत नाही. तेल अवीव विद्यापीठातल्या पिन्हास अल्पर्ट आणि बारूख झिव्ह या दोघांनी 1989 साली या वादळांवर एक मोठा अभ्यास छापला. त्यांनी त्यांना "शाराव चक्रीवादळ" म्हटलं. शाराव म्हणजे हिब्रूत उष्ण, कोरडी लाट. ही वादळं लहान असतात, वसंतात येतात आणि सेकंदाला दहा मीटरपेक्षा जास्त वेगाने पूर्वेकडे धावतात. म्हणजे दिवसाला जवळजवळ हजार किलोमीटर! अल्जीरियात सोमवारी जन्मलेलं वादळ बुधवार-गुरुवारपर्यंत इजिप्तच्या दारात.

आता गंमत बघा. उत्तर गोलार्धात कमी दाबाच्या केंद्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. केंद्र किनाऱ्याच्या जवळून पश्चिमेकडून पूर्वेकडे चाललंय आणि तुम्ही त्याच्या दक्षिणेला, वाळवंटात उभे आहात. केंद्र अजून पश्चिमेला आहे तोवर तुमच्याकडे वारा येणार दक्षिणेकडून, म्हणजे सहाराच्या पोटातून. पारा पंचेचाळीसच्या घरात आणि हवेतला ओलावा दहा टक्क्यांच्याही खाली. हीच अण्णांची भट्टी. केंद्र तुमच्या उत्तरेला आलं की वारा पश्चिमेकडून. आणि केंद्र पुढे पूर्वेला सरकलं की वारा वायव्येकडून, भूमध्य समुद्रावरची थंड हवा घेऊन. थंड हवा जड. ती नांगराच्या फाळासारखी गरम हवेच्या खाली घुसते, जमीन उकरत येते आणि सगळ्यात दाट धूळ उठते ती इथेच. पारा काही तासांत दहा, पंधरा, कधी वीस अंश खाली येतो.

दक्षिण. मावळत. मग मावळत आणि उत्तर यांच्या मधनं, गार.

मी हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो. अण्णांनी एकाही शब्दाची चूक केली नव्हती. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने खंदकात बसून, तोंडावर फडकं बांधून, वारा कुठून कुठे फिरला ते बघितलं आणि त्यावरून "हे गोल आहे" असा निष्कर्ष काढला. पिडिंग्टनने जहाजांच्या नोंदींवरून जे केलं, तेच.

बाइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने 1857 मध्ये एक साधा नियम मांडला होता. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. मी हे गॅलरीत उभं राहून करून बघितलं. दक्षिणेच्या वाऱ्याकडे पाठ केली की तोंड उत्तरेला आणि डावा हात पश्चिमेला, म्हणजे वादळ अजून यायचंय. वायव्येच्या वाऱ्याकडे पाठ केली की डावा हात ईशान्येला, वादळ गेलं. आणि मला आठवलं, माळावर वावटळ उठली की अण्णा पागोट्याचा शेव तोंडावर घ्यायचे आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. आम्ही पोरं धुळीत पळायचो, ते उभे.

या वाऱ्याला नावं किती असावीत? लिबियात "घिबली", म्हणजे किब्ल्याच्या दिशेचा, तिथल्या बोलीत दक्षिणेचा. (जपानी कार्टून बघणाऱ्या भाचरांसाठी : तुमच्या स्टुडिओ घिबलीचं नाव याच वाऱ्यावरून, पण सरळ नाही. इटलीच्या एका विमानाला वाऱ्याचं नाव होतं आणि विमानांचं वेड असलेल्या मियाझाकीने ते आपल्या स्टुडिओला दिलं.) समुद्र ओलांडून इटलीत गेला की तो "सिरोक्को". आणि इजिप्तमध्ये "खमसीन".

खमसीन म्हणजे अरबीत पन्नास. वसंतातले पन्नास दिवस हा वारा अधूनमधून येतो म्हणून. हा शब्द वाचला आणि मी थबकलो, कारण हा आपल्या ओळखीचा आहे! पेशवाईतली कागदपत्रं चाळली असतील त्यांना आठवेल, तिथे साल अरबी आकड्यांत लिहायची पद्धत होती. "सन खमस खमसैन मया व अलफ". पाच, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन 1155, इसवी सन 1754-55. नाइलकाठचा शेतकरी ज्या शब्दाने उन्हाळी वाऱ्याला शिव्या देतो, तोच शब्द शनिवारवाड्यातला कारकून तारीख घालायला वापरायचा. शब्दसुद्धा धुळीसारखे कुठून कुठे उडत जातात.

नावं इतकी असली तरी हे सगळं एकच प्रकरण आहे हे कळायला फार वेळ लागला. कारण सरळ आहे. कैरोतल्या माणसाला कैरोतला वारा दिसतो, त्रिपोलीतल्याला त्रिपोलीतला. वारा म्हणजे त्या त्या गावची पीडा. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलंय की इराणचा सम्राट कंबायसिस याने इजिप्त जिंकल्यावर (ख्रिस्तपूर्व 525) पन्नास हजारांचं सैन्य वाळवंटातून सीवाकडे धाडलं. वाटेत सैनिक न्याहारीला बसले असताना दक्षिणेकडून जोराचा वारा सुटला आणि सगळं सैन्य वाळूखाली गाडलं गेलं. ही गोष्ट अडीच हजार वर्षं माणसं सांगताहेत. लायडन विद्यापीठाच्या ओलाफ कापर यांनी 2014 साली वेगळंच मत मांडलं, की सैन्य वाळूत गाडलं गेलंच नाही, इजिप्तच्या एका बंडखोर राजाने त्याचा पराभव केला आणि नामुष्की झाकायला वादळाची गोष्ट पसरवली गेली. खरं काहीही असो, मला त्यातला एक शब्द महत्त्वाचा वाटतो. "दक्षिणेकडून". गोष्ट रचणाऱ्यालाही वारा कुठल्या दिशेचा सांगायचा हे पक्कं माहीत होतं.

आणि वाळूखाली सैन्य गाडलं जातं का? याचं उत्तर राल्फ बॅग्नोल्डने दिलं. हा ब्रिटिश लष्करातला अधिकारी. इजिप्तमध्ये असताना जुन्या फोर्ड गाड्या घेऊन वाळवंटात भटकायचा याला नाद. पुढे इंग्लंडमध्ये त्याने वाऱ्याचा बोगदा बनवून त्यात वाळू उडवून बघितली. 1940 मध्ये याच माणसाने वाळवंटात खोलवर गस्त घालणारी ती प्रसिद्ध तुकडी उभी केली आणि 1941 मध्ये, ऐन युद्धात, त्याचं उडत्या वाळूवरचं पुस्तक बाहेर आलं. आजही त्या विषयात त्याच्या कामापासूनच सुरुवात होते.

बॅग्नोल्डने दाखवलं ते असं. वाळूचे कण उडत नाहीत, उड्या मारतात. वारा एका मर्यादेपलीकडे गेला की कण टुणकन वर उडतो, थोडा पुढे जातो, खाली आदळतो आणि आदळताना आणखी कणांना उडवतो. पण या उड्या माणसाच्या उंचीपलीकडे सहसा जात नाहीत. धूळ मात्र वेगळी. ती वाळूपेक्षा कितीतरी बारीक, आणि बारीक असल्यामुळेच एकमेकांना चिकटून बसलेली. नुसता वारा तिला सहजासहजी उचलू शकत नाही. वाळूचे कण तोफगोळ्यांसारखे येऊन आदळतात तेव्हा ती सुटते. आणि एकदा सुटली की तिला थांबवणारं कोणी नाही. वादळातली तापलेली हवा तिला काही किलोमीटर उंच नेते. म्हणजे ज्याला आपण वाळूचं वादळ म्हणतो ते बहुतेक वेळा धुळीचं असतं. कण एकमेकांवर घासतात आणि त्यातून वीज साठते. पत्र्याचा झटका तो हाच, अण्णा!

(प्रत्येक धुळीचं वादळ असं चक्रीवादळातूनच येतं असं मात्र नाही. सुदानमध्ये खार्टूमकडे "हबूब" येतो तो गडगडाटी ढगातून कोसळणाऱ्या थंड हवेमुळे. राजस्थानातल्या बऱ्याचशा आंधी त्याच जातीच्या. ते तासा-दोन तासांचं प्रकरण. अण्णांचं दोन-तीन देश ओलांडून आलेलं.)

मग ते दोन-तीन देश जोडून बघितले कोणी? इथे युद्ध पुन्हा येतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेतल्या बर्गन शहरात बियर्कनेस बापलेक आणि त्यांचे सहकारी हवामानाचे नकाशे काढत होते. गरम आणि थंड हवा जिथे भिडतात त्या रेषेला त्यांनी नाव दिलं "फ्रंट", म्हणजे आघाडी. सैन्यं भिडतात तशी. युरोपातल्या वादळांचं कोडं त्यातून सुटलं. तीच नजर सहाराकडे वळवणाऱ्यांत एक होता इजिप्तचाच हवामानशास्त्रज्ञ, मोहम्मद गमाल अल-फंदी. खमसीन जातीची वादळं कशी तयार होतात यावरचा त्याचा लेख लंडनच्या रॉयल मीटिऑरॉलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला, साल 1940.

1940! त्याच वर्षी सप्टेंबरात इटलीचं सैन्य इजिप्तमध्ये घुसलं आणि पुढची तीन वर्षं लाखो माणसं त्या धुळीत लढली. 26 मे 1942 ला रोमेलने गझालाच्या फळीवर चढाई सुरू केली तीही धुळीच्या वादळातच. म्हणजे अण्णा त्या वाळवंटात असताना त्यांच्या वादळाचं शास्त्र लिहून, छापून तयार होतं. एक इजिप्शियन शास्त्रज्ञ आणि एक सातारकर शिपाई एकाच गोष्टीबद्दल एकच सांगत होते. एकाचं त्रैमासिकात छापलं गेलं, दुसऱ्याचं अंगणात ऐकलं गेलं. मी दोन्ही वाचू-ऐकू शकलो असतो. त्यातलं एक मला माहीत नव्हतं आणि दुसरं मी बंद पाडलं.

अजून एक गोष्ट मला फार लागली. नोव्हेंबर 1977 मध्ये युरोपने मिटिओसॅट नावाचा पहिला हवामान उपग्रह सोडला, तो आफ्रिका आणि युरोप यांच्यावर नजर ठेवून. म्हणजे मी पाहुण्यांसमोर शहाणपणा केला त्याच्या दीड वर्ष आधीपासून सहारावरची हवा आभाळातून दिसत होती. नववीचं पुस्तक तेवढं मागे होतं. पुस्तकं मागे असतात, त्यात त्यांची चूक नाही. पण समोर बसलेला माणूस पुस्तकाच्या पुढे असू शकतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर हे शिकवावं लागू नये.

आज ही वादळं आधी कळतात. जागतिक हवामान संघटनेने 2007 पासून धुळीच्या अंदाजासाठी वेगळी यंत्रणा उभारली आहे. मार्च 2018 मध्ये असंच एक खमसीनचं वादळ उत्तरेकडे वळलं आणि ग्रीसच्या क्रीट बेटावर भर दिवसा नारिंगी अंधार पसरला. त्याच धुळीने रशियातल्या सोचीजवळच्या डोंगरांवरचा बर्फ केशरी केला. लोक त्या केशरी बर्फावरून स्कीइंग करतानाचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. मी ते फोटो पाहिले तेव्हा, "काय भारी!" एवढंच म्हणून पुढे गेलो होतो. अण्णांची आठवणसुद्धा झाली नाही. ती व्हायला तुळशीवर धूळ पडावी लागली.

आपल्याकडे आलेली 2022 ची धूळ सहाराची नव्हती आणि ते वादळही खमसीन नव्हतं. पण नातं अगदीच नाही असं नाही. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून निघून इराण-अफगाणिस्तानमार्गे आपल्या उत्तरेला येणारे कमी दाबाचे पट्टे, ज्यांना वर्तमानपत्रं "पश्चिमी झंझावात" म्हणतात, तशाच एका झंझावाताच्या मागच्या वाऱ्यांनी ही धूळ उचलून आपल्याकडे ढकलली होती. चुलत घराणं म्हणा हवं तर. पुढे झंझावात, मागून जोराचा गार वारा आणि त्याबरोबर धूळ. त्या दिवशी मुंबई चांगलीच गारठली होती, आठवतंय ना?

असो. बरंच लांबलं. मामा, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तुम्ही मला एवढंच म्हणाला होतात, "म्हाताऱ्याला बोलू द्यायचं होतंस." मला तेव्हा तुमचा रागच आला होता. बरोबर ते बरोबर, त्यात वयाचा काय संबंध, असं वाटलं होतं. आता कळतंय की वयाचा प्रश्नच नव्हता. मी बरोबर नव्हतोच.

मावशी, ताई, बंडू, तुमच्यापैकी कोणाला अण्णांच्या धुळीच्या गोष्टीतलं आणखी काही आठवत असेल तर मला कळवा. वारा किती दिवस टिकायचा, पाण्याचं काय करायचे, कोणत्या गावाजवळ होते, काहीही. क्षुल्लक वाटलं तरी कळवा. अण्णा माठावर नेहमी दुहेरी फडकं बांधायचे ते आठवतंय? आजी चिडायची, "एक पुरतं की!" आणि अण्णा काही न बोलता दुसरं बांधायचे. ते फडकं कुठून आलं होतं ते आता मला समजतंय.

गॅलरी पुसून झाल्यावर तुळशीची पानं मात्र मी लगेच धुतली नाहीत. संध्याकाळपर्यंत धूळ तशीच राहू दिली. मग पाणी घातलं.

अण्णा, वाळवंटात चक्रीवादळ होतं. तुमचं बरोबर होतं.